मदत हवी आहे: क्वासिक्रिस्टल खरंच बदललाय की नमुना बनवतानाच बिघडला?

नमस्कार मंडळी. मी अ‍ॅल्युमिनियम-तांबे-लोह (अणूंचं प्रमाण ६३:२५:१२) या क्वासिक्रिस्टल मिश्रधातूवर काम करतेय (क्वासिक्रिस्टल म्हणजे अणूंची मांडणी सुव्यवस्थित, पण साध्या स्फटिकासारखी ठरावीक अंतराने पुन्हा न येणारी). ८०० अंश सेल्सिअसला अ‍ॅनील केलेल्या (तापवून ठेवलेल्या) तुकड्याचा एक्स-रे पॅटर्न स्वच्छ आयकोसाहेड्रल, म्हणजे क्वासिक्रिस्टलचाच, आला. पण आयन मिलिंगने (आयनांच्या माऱ्याने झिजवून) पातळ करून टीईएममध्ये (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) पाहिलं, तर दहा-दहा ठिपक्यांच्या कड्यांसोबत अगदी कडेच्या भागात वेगळेच ठिपके दिसले. सीझियम क्लोराइडसारखी घनाकृती (क्यूबिक) स्फटिकरचना वाटते.

आर्गॉन आयनांच्या माऱ्यात अ‍ॅल्युमिनियम जास्त उडतं आणि पृष्ठभाग याच रचनेत जाऊ शकतो, हे माहीत आहे. क्वासिक्रिस्टल शोधणाऱ्या शेख्टमन यांनी १९८२ मध्ये पाहिलेला अ‍ॅल्युमिनियम-मँगनीज तापवल्यावर साधा स्फटिक होतो; माझा मिश्रधातू स्थिर म्हणून मुद्दाम निवडला होता, त्यामुळे फारच अस्वस्थ आहे.

पुढे मायक्रोस्कोपमध्येच नमुना तापवून बदल टिपायचाय. मिलिंगने बदललेला हा पृष्ठभागाचा थर आधीच असेल तर दिसलेल्या बदलाचं श्रेय कशाला द्यायचं? मिलिंग टाळून, तुकडा खलात कुटून पूड कार्बनच्या जाळीवर घेतली तर तुलनेला पुरेल का? (ठिसूळ आहे, सहज कुटला जातो.) मिलिंगच करायचं तर शेवटी व्होल्टेज किती खाली आणता, नमुना थंड ठेवता का? हाताने केलेल्यांचा अनुभव हवाय.