जुन्या डायलअप खात्यासोबत मिळणाऱ्या सुविधांचा खरा उपयोग किती होता?

आडतदुकान_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरच्या मोंढ्यातले आमचे आडतीचे दुकान यंदा बंद करून जागा भाड्याने देत आहोत. त्यानिमित्ताने माळ्यावरच्या कीर्द-खतावण्या उतरवताना २००१ सालच्या एका वहीत लहानशा आयएसपीचे, म्हणजे इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीचे, दरपत्रक घडी करून ठेवलेले सापडले. ती कंपनी आता अस्तित्वात नाही. दरपत्रकावर डायलअप (टेलिफोनचा नंबर फिरवून इंटरनेटला जोडण्याच्या) खात्यासोबत मिळणाऱ्या सुविधा छापल्या आहेत : २५, ५० किंवा १०० तास, वैधता ६ महिने, ५ एमबीचे एक मेलबॉक्स, पॉप३ आणि वेबमेलसह, २ एमबी वेबस्पेस, ५६ के व्ही.९० जोडणी, जलद प्रॉक्सी, न्यूजग्रुप, ०२३८२ मध्ये स्थानिक कॉल, एका वेळी एकच लॉगिन.

माझा जन्म त्यानंतरचा असल्यामुळे यांतले अर्धे शब्द मला कळत नाहीत. अण्णांना विचारले, तर ते ‘पत्र यायचे, पत्र जायचे’ यापलीकडे काही सांगत नाहीत. दुकानाची हकिकत घरच्यांसाठी लिहून ठेवतो आहे, म्हणून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली अशी की, अण्णा दर वेळी सर्वांत लहान म्हणजे २५ तासांचेच खाते घेत आणि ते सहा महिने पुरत असे, हे कसे काय? तूर आणि सोयाबीनच्या भावाची पत्रे रोज मुंबईला आणि इंदूरला जात असत, असे वहीवरून दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे दरपत्रकावरील ‘५६ के’ या शब्दांसमोर अण्णांनी पेन्सिलीने ‘३१.२’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. तो आकडा कशाचा असावा?

मॉडेम_रॅक

मी १९९९ ते २००४ या काळात तेव्हाच्या औरंगाबादेत अशाच एका लहान आयएसपीकडे तांत्रिक काम पाहत होतो, त्यामुळे आपले दरपत्रक वाचताना आमचेच वाचतो आहे असे वाटले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते चार महानगरांत. नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना परवाने खुले झाले आणि त्यांचे तीन वर्ग ठरले. त्यांतला ‘क’ वर्ग एका सेकंडरी स्विचिंग एरियापुरता, म्हणजे ढोबळमानाने एका जिल्ह्याएवढ्या टापूपुरता होता. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन खोल्या, एक जनरेटर आणि चार मुले एवढ्यावर उभ्या राहिलेल्या आयएसपी बहुधा याच वर्गातल्या.

आधी तासांचा हिशोब पाहू. २५ तास म्हणजे १५०० मिनिटे. सहा महिन्यांतले रविवार आणि सणवार वजा केले, तर मोंढ्याचे कामाचे दिवस दीडशेच्या आसपास राहतात, म्हणजे दिवसाला दहा मिनिटे हाताशी येतात. आपल्या अण्णांना ती पुरली याचे कारण त्या यादीतला ‘पॉप३’ हा शब्द, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत. पत्र लिहिताना जोडणी लागतच नसे. आउटलुक एक्सप्रेससारख्या प्रोग्रॅममध्ये सगळी पत्रे निवांत लिहून ‘आउटबॉक्स’मध्ये ठेवायची, मग नंबर फिरवायचा, लिहिलेली पत्रे निघून जायची, आलेली उतरून घ्यायची आणि फोन ठेवून द्यायचा, वाचन पुन्हा जोडणी तोडल्यानंतर. साध्या मजकुराचे पत्र दोन-तीन केबीचे असते आणि मॉडेम (संगणक टेलिफोनच्या तारेला जोडणारे यंत्र) मजकूर आणखी दाबून पाठवत असल्यामुळे अशी दहा पत्रे अर्ध्या मिनिटात येत-जात. सकाळी चार मिनिटे आणि संध्याकाळी चार मिनिटे वापरणाऱ्या माणसाने १०० तासांचे खाते घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होते. मुंबईला एसटीडीने फॅक्स करायचा तर प्रत्येक पानाला एसटीडीचा मीटर पडे. इथे स्थानिक कॉलच्या एक-दोन पल्समध्ये सगळा पत्रव्यवहार आटोपत असे. म्हणूनच ‘०२३८२ मध्ये स्थानिक कॉल’ ही ओळ दरपत्रकात शेवटी-शेवटी असली, तरी व्यापाऱ्याच्या दृष्टीने ती पहिली होती. आयएसपीचा नंबर दुसऱ्या जिल्ह्यात असता, तर ५ एमबीचे मेलबॉक्स फुकट दिले असते तरी अण्णांनी घेतले नसते.

जाता जाता एक बारकावा सांगतो. आमच्याकडील तास रेडियस नावाचा सर्व्हर मोजत असे आणि तो पासवर्ड मान्य झाल्यानंतरच घड्याळ सुरू करी. टेलिफोनचा मीटर मात्र आमच्या मॉडेमने फोन उचलला त्या क्षणापासून चालू होई. जोडणी जुळवताना मॉडेम किंचाळे ते वीस-तीस सेकंद आमच्या हिशोबात नसत, टेलिफोनच्या बिलात असत. यावरून किती ग्राहकांशी वाद झाले, त्याची गणती नाही.

आता ‘३१.२’. जोडणी झाल्यावर विंडोज खालच्या कोपऱ्यात वेग ‘के’मध्ये, म्हणजे सेकंदाला हजार बिटांत, दाखवत असे आणि अण्णांनी तोच टिपला आहे, याबद्दल मला शंका वाटत नाही. हा आकडा व्ही.९० या मॉडेमच्या वेगाच्या प्रमाणाचा नाही, त्याच्या आधीच्या व्ही.३४ या प्रमाणाचा आहे, त्यात २८.८, ३१.२, ३३.६ अशा पायऱ्या असतात आणि ३३.६ ही शेवटची. व्ही.९० चे ५६ के मिळायचे असेल, तर आयएसपीच्या बाजूची लाइन डिजिटल असावी लागते, म्हणजे एक्स्चेंजकडून पीआरआय नावाची डिजिटल लाइन घ्यावी लागते आणि तिच्यात एकदम ३० वाहिन्या येतात. एक्स्चेंज आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ८ बिटांत मांडते. त्यांतले ७ बिट वापरता आले, तर ५६ के होतात. वाटेत आवाजाचे आकड्यांत रूपांतर एकदाच झाले पाहिजे, ही मात्र अट. आयएसपीने घरगुती फोनसारख्या साध्या लाइनी घेऊन प्रत्येकीला एक-एक मॉडेम लावले असेल, तर रूपांतर दोनदा होते आणि ग्राहकाने कितीही महाग मॉडेम विकत घेतले तरी गाडी ३३.६ च्या पुढे जात नाही. पेन्सिलीच्या त्या दोन रेघांचा अर्थ मला तरी असा दिसतो की, त्या आयएसपीकडे पीआरआय नसावी.

प्रॉक्सीला, म्हणजे उघडलेली पाने साठवून ठेवणाऱ्या मधल्या सर्व्हरला, ‘जलद’ म्हणणे ही तेव्हाची सर्वमान्य चलाखी होती. आमच्या ३० लाइनी एकाच वेळी भरल्या, तर ग्राहकांची मागणी ९०० के च्या आसपास जाई आणि आमची बाहेर जाणारी लीज्ड (कायमची भाड्याने घेतलेली) लाइन होती १२८ के ची. तेव्हा एकाने उघडलेले पान स्क्विड या प्रॉक्सी प्रोग्रॅममध्ये साठवून दुसऱ्याला तेच देणे, ही आमची गरज होती. ती सुविधा म्हणून छापली गेली. न्यूजग्रुपचेही, म्हणजे विषयवार चर्चागटांचेही, तसेच. सगळे गट आणायचे म्हटले असते, तर तेवढ्यानेच लाइन तुंबली असती, म्हणून मोजके मजकुराचे गट ठेवले होते आणि ते वाचणारे आमच्याकडे तीन-चारच होते.

बियाणेवाला_जालना

वरील उत्तर फार चांगले आहे, पण वेबमेलकडे, म्हणजे सर्व्हरवरचीच पत्रे ब्राउझरमधून पाहण्याच्या सोयीकडे, त्यात दुर्लक्ष झाले आहे. मी त्या काळात जालन्यात बियाण्यांच्या व्यापारात होतो आणि पॉप३ चा जाच मी स्वतः भोगला आहे. एका ग्राहकाने पिकाचे स्कॅन केलेले छायाचित्र पाठवले, ३ एमबीचे. ई-मेलमधून जाताना जोडलेली फाइल एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे ते ४ एमबी झाले आणि ३१.२ च्या वेगाने उतरायला वीस मिनिटे लागणार. छायाचित्र आधीच दाबलेले असल्यामुळे मॉडेमला त्यात आणखी काही दाबता येत नाही. पंधराव्या मिनिटाला घरात कोणीतरी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला की लाइन तुटे, आणि पॉप३ मध्ये अर्धवट उतरलेले पत्र पुढून सुरू करण्याची सोयच नाही, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय व्यवस्थित निरोप न घेता जोडणी तुटली, तर आधी उतरलेली पत्रेही सर्व्हरवरून पुसली जात नसत आणि दुसऱ्या वेळी तीच सगळी पुन्हा येत. मेलबॉक्स ५ एमबीचे. त्यात ही एक धोंड बसली की मागची पत्रे परत जाऊ लागत आणि ऐन हंगामात विक्रेत्यांचे फोन येत की तुम्ही पत्र घेत का नाही!

अशा वेळी वेबमेल उघडून तेवढे एक पत्र न वाचताच काढून टाकणे हाच सोपा उपाय होता. म्हणून २००१ च्या दरपत्रकात ज्याने पॉप३ सोबत वेबमेलही दिले, त्याचे मी तरी कौतुकच करीन.

२ एमबी वेबस्पेसचा उपयोग मी केला. पत्त्यात लाटेसारखे चिन्ह आणि त्यापुढे आपले लॉगिन नाव, असे ते पान असे. एफटीपीने दोन छायाचित्रे आणि वाणांची यादी चढवली होती. मराठी मजकूर मात्र चित्र करूनच टाकावा लागला, कारण आमच्याकडचा फॉन्ट वाचणाऱ्याच्या संगणकावर असेलच याची खात्री नव्हती.

३१.२ बद्दल मात्र मॉडेम_रॅक यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. दोष आयएसपीचाच, असे एका आकड्यावरून म्हणता येणार नाही. जुन्या भागांत एकाच तारेवर दोन ग्राहक चालवण्याची यंत्रे बसवलेली असत. तिथेही रूपांतर आणखी एकदा होते आणि ५६ के गळून पडते. लातूरच्या मोंढ्यातली तार कशी होती, हे इथून कोण सांगणार?

मॉडेम_रॅक

आक्षेप योग्य आहे, आणि मी घाई केली हे मान्य करतो. निवाडा करायचा, तर त्याच फोनवरून, त्याच मॉडेमने, दुसऱ्या आयएसपीचा नंबर फिरवून पाहिलेला आकडा हवा. व्ही.९० चे आकडे ओळखायला सोपे असतात. ते १३३३ च्या पटीत चढतात, त्यामुळे ४२.६, ४४, ४५.३ असे विचित्र दिसतात. असा एखादा आकडा अण्णांच्या वहीत आहे का, पाहावे.

आडतदुकान_लातूर

दोघांचेही मनापासून आभार. आज दुपारी सगळ्या वह्या पुन्हा चाळल्या. २००२ च्या वहीत मे महिन्यात ‘मॉडेम जळाले, वळीव’ अशी नोंद आहे, त्यानंतर नव्या मॉडेमचा खर्च आहे आणि लगेच दोन ओळींत, एकाखाली एक, दोन नंबर व त्यांच्यासमोर दोन आकडे आहेत. पहिला नंबर दरपत्रकावरचाच असून त्यासमोर पुन्हा ‘३१.२’ आहे. दुसरा नंबर दुसऱ्या कोणत्या तरी सेवेचा असून त्यासमोर ‘४२.६’ आहे. तार तीच, मॉडेम तेच.

गंमत अशी की, नूतनीकरणाची पावती त्यानंतरही जुन्याच आयएसपीची आहे. अण्णांना ती दाखवून कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘तो दुसरा नंबर संध्याकाळी लागतच नव्हता, आणि मॉडेम जळाले त्या दिवशी यांचा मुलगा स्कूटरवर येऊन स्वतःजवळचे लावून गेला.’

मॉडेम_रॅक

मग आयएसपीकडे साध्याच लाइनी होत्या, हे ठरले. आता कबूल करायला हरकत नाही; पहिले वर्षभर आमच्याकडेही साध्याच लाइनी होत्या आणि आमच्याही दरपत्रकावर ‘५६ के’ छापलेले होते.

नंबर लागण्याचे गणित दरपत्रकावर कधीच छापले जात नसे. दहा ग्राहकांमागे एक लाइन असा साधारण प्रघात होता. ग्राहक वाढत गेले आणि लाइनी तेवढ्याच राहिल्या की संध्याकाळी सात ते दहा या वेळात एंगेज टोनशिवाय काही ऐकू येत नसे. आपल्या आयएसपीने वेग कमी दिला, पण लाइनी पुरेशा ठेवल्या असाव्यात. एका वेळी चार मिनिटांचे काम असणाऱ्याला ३१.२ आणि ४२.६ यांतला फरक फार तर एका मिनिटाचा. नंबर न लागणे म्हणजे मात्र त्या दिवसाचा भाव न कळणे.

आणखी एक सुचवतो. आउटलुक एक्सप्रेस पत्र उतरवून घेतल्यावर सर्व्हरवर नक्कल ठेवत नसे, ठेवायची तर तशी खूण करावी लागे. आणि ५ एमबीच्या मेलबॉक्समध्ये ती खूण कोणी करत नसे. म्हणजे आयएसपी बंद पडली तरी अण्णांची सगळी पत्रे दुकानातल्या जुन्या संगणकातच असणार. ती हार्ड डिस्क शिल्लक असेल, तर आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारा अडॅप्टर घ्या आणि ‘आयडेंटिटीज’ नावाच्या फोल्डरात शोधा; तिथे ‘डीबीएक्स’ या शेपटाच्या फाइली असतील. उघडण्याआधी त्यांची नक्कल दुसरीकडे काढून ठेवा. काही पत्रे निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखी दिसली, तर ती खराब झाली असे समजून टाकून देऊ नका. तो युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधला मजकूर असेल, आणि कोणता फॉन्ट होता हे कळले की तो वाचता येतो.

आडतदुकान_लातूर

संगणक भंगारात गेला, पण त्यातली डिस्क अण्णांनी काढून घेतली होती. ती तिजोरीत, जुन्या सौदापट्ट्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळलेली सापडली. अडॅप्टर मागवला आहे.