पंपिंग कमी झालेल्या प्रत्येकाला 'शुगरची गोळी' द्यावी का?

वैजयंती

हार्ट फेल्युअरच्या (हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलू शकत नाही अशा) रुग्णाला मधुमेह असो वा नसो, डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या मुळात मधुमेहाच्या औषधांपैकी एक गोळी त्याच्या पहिल्याच चिठ्ठीवर असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. नात्यागोत्यातले लोक फाइल घेऊन येतात आणि त्यात ही गोळी बहुतेक वेळा दिसते ती दुसऱ्या-तिसऱ्या ॲडमिशननंतर. हा उशीर का?

माझ्या मताला आधार आहे तो ग्लासगो विद्यापीठातले हृदयरोगतज्ज्ञ जॉन मॅकमरे यांच्या कामाचा. त्यांच्या नेतृत्वाखालच्या डापा-एचएफ चाचणीचे निकाल सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या युरोपीय हृदयरोग परिषदेत मांडले गेले. २० देश (त्यात भारतही होता), ४७४४ रुग्ण, सगळ्यांचं पंपिंग (दर ठोक्याला हृदय आतल्यापैकी किती रक्त बाहेर ढकलतं ते प्रमाण) ४० टक्के किंवा त्याहून कमी. सरासरी दीड वर्षात हृदयविकाराने मृत्यू येणं किंवा हार्ट फेल्युअर बळावणं, यांपैकी काहीतरी नकली (तुलनेसाठी दिलेली, औषध नसलेली) गोळीवाल्यांपैकी २१.२ टक्के लोकांच्या वाट्याला आलं. डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १६.३ टक्के होतं. चाचणीतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मधुमेह नव्हता, आणि फायदा त्यांनाही तेवढाच झाला. माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट ही.

हे औषध हृदयापर्यंत पोचलं तेही आडवाटेनं. २००७ मध्ये अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी रोसिग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाने हार्ट ॲटॅकचा धोका वाढत असल्याचं आकडेवारीनिशी दाखवलं (आपल्याकडे २०१० मध्ये त्यावर बंदी आली). त्यानंतर २००८ च्या शेवटी अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) फर्मावलं की मधुमेहाचं नवं औषध हृदयाला घातक नाही हे सिद्ध करून दाखवा. म्हणून मोठमोठ्या चाचण्या सुरू झाल्या. २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची अशी चाचणी संपली, ७०२० रुग्णांची. तपासायचं होतं एवढंच की औषध अपाय तर करत नाही ना. निघालं असं की हार्ट फेल्युअरसाठी दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं! ते लोक मधुमेही होते. मधुमेह नसलेल्यांचं काय, हा पुढचा प्रश्न मॅकमरे यांच्या गटाने धसास लावला.

मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं. साठेक रुपयांची गोळी दहाच्या आत आली. डापाग्लिफ्लोझिन तर २०२० पासूनच जेनेरिकमध्ये आहे. मग आता अडलंय कुठे?

गावाकडचा डॉक्टर

ताई, सगळे आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. 'प्रत्येकाला' आणि 'पहिल्याच चिठ्ठीवर' या दोन्हींना माझा विरोध आहे.

ज्या चाचणीचा दाखला तुम्ही देताय तिच्यात कोण नव्हतं ते बघा. वरचं बीपी ९५ च्या खाली असलेले नव्हते, किडनी फार उतरलेले नव्हते, टाइप वन मधुमेही नव्हते. माझ्या ओपीडीत बीपी ९० असलेला माणूस रोज येतो. आधीच लघवीची गोळी चालू, एप्रिल-मे मध्ये ऊसतोडीवरून किंवा वीटभट्टीवरून आलेला, जीभ कोरडी ठाक पडलेली. त्याला मी आणखी पाणी आणि मीठ बाहेर काढणारी गोळी डोळे झाकून कशी देऊ?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तिरुवनंतपुरमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत (रुग्णांच्या नोंदवहीत) २०१३ साली १२०५ रुग्णांची नोंद झाली. पंपिंग कमी असलेल्यांपैकी डिस्चार्जच्या वेळी हार्ट फेल्युअरची जुनी तीन औषधं (बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्याचा भाऊबंद, आणि स्पायरोनोलॅक्टोनचा गट) एकत्र मिळालेले किती? २५ टक्के. आणि हे केरळात, जिथे आरोग्यव्यवस्था आपल्यापेक्षा बरी आहे. तीन वर्षांत नोंदलेल्या सगळ्या रुग्णांपैकी जवळपास ४५ टक्के दगावले होते. जुनी औषधं स्वस्त होती, वर्षानुवर्षं सिद्ध होती, तरी ती दिली गेली नाहीत, दिली तर डोस वाढवला नाही. कारण त्यांच्यासाठी एम.आर. (औषध कंपनीचा प्रतिनिधी) दारात येत नाही. नवी गोळी आली की आम्हा डॉक्टर लोकांना वाटतं, चला, आधुनिक उपचार झाला. आधी ते तीन खांब नीट उभे करा, मग चौथ्याचं बोलू.

हिशेबनीस

डॉक्टरांशी सहमत. माझा आक्षेप त्याआधीचा आहे. डापा-एचएफचा खर्च औषध बनवणाऱ्या ॲस्ट्राझेनेकानेच केला होता. २०१५ च्या चाचणीतही पैसा कंपन्यांचाच. आणि '२६ टक्के फायदा' हा मथळा सगळीकडे फिरतो तो सापेक्ष आहे, म्हणजे नकली गोळीवाल्यांच्या तुलनेतला. साधा हिशेब करा: २१ जणांनी दीड वर्ष रोज गोळी घ्यायची तेव्हा एकाचं काहीतरी टळतं. बाकीच्या २० जणांनी खर्च केला आणि जननेंद्रियाच्या बुरशीचा धोकाही पत्करला. कुठल्याही कारणाने झालेले मृत्यू मोजले तर १३.९ विरुद्ध ११.६ टक्के. याला क्रांती म्हणावं का?

वैजयंती

हिशेबनीस, कंपनीचा पैसा आहे म्हणून डोळ्यांत तेल घालून वाचायला हवं, यात वाद नाही. पण नुसत्या पैशावरून निकाल खोटा ठरत नाही. सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहाच्या दुसऱ्या औषधाची १६,४९२ रुग्णांची चाचणी २०१३ मध्ये आली, तिलाही ॲस्ट्राझेनेकाचाच पैसा होता, जोडीला ब्रिस्टल-मायर्स ही कंपनी. निकाल काय लागला? हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचा धोका २७ टक्क्यांनी वाढला. स्वतःच्या औषधाविरुद्धचा निकाल, तोही जगजाहीर झाला. शिवाय डापा-एचएफ एकटी असती तर मीही थांबले असते. वर्षभरात एम्पाग्लिफ्लोझिनने, दुसऱ्या गटाच्या हाताखाली, ३७३० रुग्णांमध्ये जवळजवळ तसाच निकाल दिला.

आणि २१ मध्ये एक, तेही दीड वर्षात! हा आजार म्हणजे दर ॲडमिशनला माणूस एक पायरी खाली उतरतो आणि परत तेवढा वर येत नाही. ज्या घरात कमावता माणूस ५५ व्या वर्षी उशांना टेकून बसल्या बसल्या रात्र काढतो, त्या घराला हा 'एक' छोटा वाटणार नाही.

डॉक्टर, तुमचं 'आधी तीन, मग चौथा' हेच मला पटत नाही. बीटा ब्लॉकरचा डोस हळूहळू वाढवावा लागतो, महिने जातात, मध्येच पेशंट येणं बंद करतो. डापाग्लिफ्लोझिनचा एकच डोस, १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. बीपी फारसं उतरत नाही. फायदा २८ दिवसांतच दिसू लागला होता. जिथे पेशंट परत येईल याची खात्री नाही, तिथे तर हीच गोळी आधी हवी.

भाग्यश्री मेडिकल

मी औषधाच्या दुकानात बसतो, शिकलो फार्मसी. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट सुटतेय. गेल्या पावसाळ्यात एक मावशी पिशवीभर गोळ्या घेऊन परत आल्या. पंधरा दिवसांची स्ट्रिप, एकही गोळी फोडलेली नाही. काउंटरवरच्या आमच्या पोराने सांगितलं होतं, "ही शुगरची." मावशींना शुगर नाही. घरी सुनेने नेटवर बघितलं, तिथेही मधुमेहच लिहिलेलं. म्हणाल्या, "डॉक्टरांनी दुसऱ्या कोणाची चिठ्ठी दिली वाटतं मला." पायावर सूज इतकी की चपलेचा पट्टा रुतलेला.

पैसे परत दिले नाहीत, डॉक्टरांना फोन लावून दिला. तेव्हापासून चिठ्ठीवर हृदयाच्या डॉक्टरांचा शिक्का असेल तर मी स्ट्रिपवर पेनाने 'हृदयासाठी' लिहून देतो. डॉक्टरांनी चिठ्ठीवरच लिहिलं तर किती सोपं होईल!

गावाकडचा डॉक्टर

भाग्यश्रीवाले दादा, हे मी उद्यापासून लिहीन.

वैजयंतीताई, २८ दिवसांचा मुद्दा वजनदार आहे, नाही म्हणत नाही. तरी 'प्रत्येकाला' यावर मी अडून आहे. या गोळीवरचा मधुमेही माणूस उलट्या-जुलाबाने आडवा पडला, दोन दिवस पोटात काही नाही, किंवा कडक उपास धरला, तर रक्तात आम्ल साठू शकतं आणि ग्लुकोमीटर दाखवतो १८०. नातेवाईक म्हणतात शुगर तर बरी आहे. एफडीएने २०१५ मध्येच इशारा दिलाय. म्हणून ऑपरेशनच्या तीन दिवस आधी गोळी बंद, आणि खाणं-पिणं सुटलं की त्या दिवसापासून बंद. हे मी समजावू शकतो, पण रोजच्या गर्दीत प्रत्येकाला समजावलं जातं का?

आणि जाता जाता, मधुमेह आणि सुजलेले पाय दोन्ही असतील तर चिठ्ठीत पायोग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध आहे का ते आधी शोधा. ते शरीरात पाणी धरून ठेवतं. आपल्याकडच्या तीन-तीन औषधांच्या मिश्र गोळ्यांत ते लपलेलं असतं. ते काढलं तरी कित्येकांचा दम कमी होतो. नवी गोळी जोडण्याआधी हे करायला एक पैसा लागत नाही.

अनुजा

माझ्या बाबांचं पंपिंग ५५ टक्के आहे, तरी जिना चढताना दम लागतो आणि पाय सुजतात. शुगर आहे. मग हे सगळं त्यांना लागूच नाही का?

वैजयंती

अनुजा, लागू आहे. पंपिंग चांगलं पण हृदय ताठर झालेलं, असं असू शकतं. अशा रुग्णांवर २०२१ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनची (५९८८ रुग्ण) आणि २०२२ मध्ये डापाग्लिफ्लोझिनची (६२६३ रुग्ण) चाचणी झाली. दोन्हींत फायदा दिसला, मुख्यतः भरती टळण्यात. मृत्यू मात्र ठळकपणे कमी झाले नाहीत. बाबांना टू-डी इकोचा रिपोर्ट, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या आणि या गोळीबद्दल थेट विचारा. मिश्र गोळ्यांचे बारीक अक्षरातले घटकही वाचून न्या. तो मुद्दा डॉक्टरांचा, आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे.

हिशेबनीस

मला अजून पटलेलं नाही. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर ही गोळी फुकट मिळते का, हे कुणी आपापल्या जिल्ह्यात विचारून इथे लिहील का? नाहीतर दहा रुपये रोज म्हणजे महिन्याला तीनशे, आणि ते आयुष्यभर.