मदत हवी आहे: बिस्किटांचे ट्रफल चॉकलेटमध्ये बुडवताना फुटतात

काल २०० ग्रॅम आल्याची बिस्किटं मिक्सरमधून काढली, ९० ग्रॅम क्रीम चीज, दालचिनी आणि चिमूटभर लवंगपूड घालून लिंबाएवढे गोळे वळले. चव अगदी मनासारखी जमली, लेकीने तर तसेच दोन मटकावले! तासभर फ्रीजमध्ये ठेवूनही वितळलेल्या पांढऱ्या चॉकलेटमध्ये बुडवताच गोळा काट्यावर फुटतो आणि भुगा खाली बसतो. त्यात वाफेचा एक थेंब पडला नि उरलेलं चॉकलेट रव्यासारखं दाणेदार झालं, फार जीव हळहळला.

गोळे फ्रीझरमध्ये ठेवू का? मग वरचं कवच तडकेल का? क्रीम चीज वाढवू की बिस्किटं आणखी बारीक करू? आणि क्रीम चीजऐवजी घट्ट चक्का कुणी वापरून पाहिलाय का? नाताळला शेजारी द्यायचे आहेत, लवकर सांगा प्लीज.