टायमरपेक्षा सकाळ सांभाळा

२५ मिनिटांचा टायमर लावला की चित्रातलं लक्ष उडतं, असं तुम्ही लिहिलंय. मीही क्लायंटसाठी चित्रं काढते, माझंही तेच होतं. २५ मिनिटं काम, मग छोटी विश्रांती अशी ही पोमोडोरो पद्धत फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतः विद्यार्थी असताना, अभ्यासासाठी शोधली. ईमेल, कोटेशन, बिलं यांना ती छान चालते. जलरंगाला नाही. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कधी सुकणार हे आमची बडोद्याची हवा ठरवते: मे महिन्यात कागद बघता बघता कोरडा होतो, जुलैत मात्र बराच वेळ ओलसरच. तेवढ्यात मी बिलं करून टाकते.

सकाळी ७ ते ११ फोन दुसऱ्या खोलीत असतो. ‘दुपारी ३ नंतर बोलू’ असं क्लायंटना आधीच सांगून ठेवलंय, त्यावरून एकही काम गेलेलं नाही.

पण खरा फरक पडला तो वहीमुळे. प्रत्येक कामाचे प्रत्यक्ष तास लिहायला लागले, तेव्हा कळलं की ६ तासांचं धरलेलं एक मुखपृष्ठ ११ तास खाऊन गेलं होतं आणि वाढलेले सगळे तास क्लायंटने सांगितलेल्या दुरुस्त्यांचे होते. आता कोटेशनमध्येच दोन दुरुस्त्या लिहिते, तिसरीचे पैसे वेगळे. हे तुम्ही आजच सुरू करा, अगदी मनापासून सांगते.

आणि नवरात्राच्या नऊ दिवसांत डेडलाइन घेऊच नका. रात्री गरबा, सकाळी डोळे उघडत नाहीत. इथे राहून ते टाळणं मला तरी जमलेलं नाही, टाळावंसंही वाटत नाही.