जॅक रसेल आणि मुंगूस: हाका मारून उपयोग नाही, काय करावं?

पावशेर
नमस्कार मंडळी. आमची गोटी, जॅक रसेल टेरिअर, वय दोन, वजन सहा किलो. घरात इतकी शहाणी की समोर ठेवलेलं बिस्किटसुद्धा "घे" म्हटल्याशिवाय उचलत नाही. काल संध्याकाळी कुंपणालगतच्या झुडपात मुंगूस दिसलं आणि बाईसाहेब ठार बहिऱ्या झाल्या. मी घसा कोरडा पडेपर्यंत ओरडतेय, इकडे कान हलेल तर शपथ! मुंगूस आधी पळालं, कोपऱ्यात सापडल्यावर मात्र उलटलं. अंगावरचे केस फुलवून दुप्पट दिसत होतं. क्षणभर झटापट, मग ते भिंतीपलीकडे आणि ही तिथेच माती उकरत, वर शेपूट हलवत. रक्त कुठे दिसलं नाही, कानामागचे केस तेवढे ओले होते.

प्रश्न दोन. हे वेड शिकवून जातं का? आणि जखम दिसत नाही म्हणजे निभावलं समजू का? सासूबाईंचं मत, "जात्याच तशी आहे, करणारच."

जनावरांची डॉक्टर
दुसरा प्रश्न आधी. ओले केस ही मुंगसाची लाळ असू शकते. तिथले केस बाजूला सारून भरपूर उजेडात बघा. बारीक दातांची जखम वरून टाचणीएवढी, आत मात्र खोल. वरचं तोंड लवकर मिटतं आणि आत पू धरतो. हातमोजे घालून साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आजच दवाखान्यात न्या. मुंगसांना रेबीज होतो. गोटीची लस वेळेवर झालेली असली तरी अशा चाव्यानंतर बूस्टर देतात. तुमच्या हातावर ओरखडा असेल आणि तिथे ती लाळ लागली असेल, तर तुम्हीही डॉक्टरांना दाखवा. ओठांच्या आतली बाजू बघायला विसरू नका, टेरिअर तोंडानेच भांडतो. शेपटीवर जाऊ नका, त्या भरात त्यांना दुखणं जाणवतच नाही.

जुनं खोड
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वेड जात नाही. सासूबाई बरोबर आहेत, पण अर्ध्याच.

ज्यांच्या नावाने ही जात ओळखली जाते ते पाद्री जॉन रसेल. १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी ट्रम्प नावाची कुत्री घेतली, तिथून ही वंशावळ सुरू झाली असं सांगतात. काम काय, तर कोल्ह्यामागे बिळात शिरायचं. आत अंधार, मालक वर जमिनीवर. निर्णय कुत्र्यानेच घ्यायचा. डॅक्सहुंडचं, म्हणजे त्या लांबुडक्या, आखूड पायांच्या कुत्र्याचं तेच, फक्त समोर बॅजर, बिळात राहणारा प्राणी. एवढ्याशा कुत्र्याचा आवाज एवढा भारदस्त का? तो जमिनीखालून वर ऐकू यायला हवा होता. थोडक्यात, मालकाचं न ऐकणं ही या मंडळींची नोकरीतली पात्रता होती! तुम्ही त्याला हट्टीपणा म्हणता.

तेव्हा वेड घालवायच्या मागे लागू नका, वेळ साधायला शिका. पाठलागाला पायऱ्या असतात: चाहूल, रोखून बघणं, दबा, धाव, पकड. धाव सुटली की तुमची हाक वाया, आणि दहा वेळा वाया गेली की त्या शब्दाला किंमत उरत नाही. पकडायचं ते त्याआधी. आमचा डॅक्सहुंड जीभ बाहेर काढून धापा टाकत चाललेला असतो आणि मध्येच तोंड पट्कन मिटतं. मान ताठ, कान पुढे, एक पंजा हवेतच. एवढाच अवकाश असतो, फार तर दोन श्वासांचा. त्यात एकदाच हाक मारा. वळली तर बिस्किटावर भागवू नका, तिला पळायचं होतं, तर पळूच द्या: काठीला दोरीने बांधलेलं फडकं जमिनीवरून ओढा, तिला पकडू द्या, झिंजाडू द्या.

हे पक्कं होईपर्यंत दहा मीटरची दोरी, तीही हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला. गळपट्ट्याला नको, धावत्या कुत्र्याला मानेत हिसका बसतो. झटापट सुरू असताना मध्ये हात घालायचा नाही. आणि कधी बिळात शिरलीच, तर तोंडाशी उभं राहून आरडाओरडा करू नका, तिला वाटतं तुम्ही पाठीशी आहात. माणसं लांब करा, गप्प राहा, भुंकणं कुठून येतंय ते ऐका. उगाच खोदू नका, माती आत ढासळते.

दोन मांजरं एक टेरिअर
खोडांशी सहमत. एक भर: मुंगूस परवडलं, पण विष खाल्लेला उंदीर पोटात गेला तर कळतसुद्धा नाही. रक्त गोठू न देणारी विषं असतात, त्यात कुत्रं दोन-तीन दिवस ठणठणीत दिसतं, मग हिरड्यांतून रक्त. वेळेत नेलं तर व्हिटॅमिन के१ देऊन वाचवतात. उंदीर तोंडात दिसला की लगेच फोन करा.

पावशेर
डॉक्टर, सापडली! कानामागे दोन भोकं, शेजारीशेजारी. धुतलं, बूस्टर झालं, अँटिबायोटिक सुरू आहे. खोड काका, ती दहा मीटरची दोरी झुडपात अडकणार नाही का?

जुनं खोड
अडकणारच. ती मोकळ्या मैदानासाठी. झुडपं आली की दोन मीटरवर घ्या. दोरी गोल नको, सपाट पट्टी घ्या, टोकाला फास किंवा गाठ ठेवू नका. हाताला गुंडाळू नका, बोटं जातात. आणि काही दिवस ते कुंपण टाळाच, मुंगूस तिथेच राहत असणार.