ऐन वेचणीतली सर्दी: कामचुकारपणा की आजार?

कोरडवाहू: काल ‘जुने वावर’ यांनी लिहिले की, सर्दी हा आजारच नव्हे, कपाशी फुटून वावर पांढरे झालेले असताना नाकाला पदर लावून घरी बसणारी बाई कामचुकार असते, तिने आल्याचा काढा घेऊन पहाटेच वेचायला निघावे. हे वाचून संताप झाला, म्हणून सविस्तर लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला ६ एकरांचा कास्तकार आहे आणि सीतादही, म्हणजे वेचणीच्या आरंभाची वावरातली पूजा, झाल्यावर चौथ्या दिवशी मलाच सर्दी धरली. एक दिवसही पडून न राहता, नाकात दुकानातले थेंब टाकत मी कामे रेटली आणि आज महिना झाला तरी नाक चोंदलेलेच आहे. शिवाय पहाटे दवात वेचलेला कापूस ओला असतो. हमीभावाच्या केंद्रावर ८ टक्क्यांपुढे ओलावा निघाला की भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांपुढे माल घेतच नाहीत. मग दव सुकेपर्यंत, म्हणजे दहा वाजेपर्यंत, आजारी बाईला निजू दिले तर नुकसान नेमके कोणाचे होते?

जुने वावर: आपण माझे अर्धेच लिखाण उचलले, कानाला दुपट्टा बांधावा, असेही मी लिहिले होते. माझ्या आईने अंगात कणकण असताना दिवाळीपर्यंतचे सगळे वेचे काढले आणि तिने कधी दवाखान्याची पायरी चढली नाही. आता दोन शिंका आल्या की सुई हवी, सलाईन हवे. अवकाळी पाऊस आला तर फुटलेला कापूस बोंडातच भिजून काळवंडतो, आणि आभाळ कोणाचे नाक मोकळे होण्याची वाट पाहत नाही.

वेचणारीची लेक: आपल्या आईचे कौतुक वाचले, आता माझ्या आईचे ऐका. वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना ओरबाडतात, त्या बोटांनी नाक पुसवत नाही, म्हणून ती दिवसभर दंडाला नाक पुसते आणि संध्याकाळी बाहीची ती जागा कडक झालेली असते. एरवी ४० किलो वेचणारी बाई सर्दीत २५ किलोवर येते. मजुरी किलोवर असल्यामुळे तिला कामचुकार म्हणण्याची तसदी कोणी घ्यायला नको. काटा तिची मजुरी आपोआप कापतो. त्यावर आमच्या गावचा एक मालक गाठोड्यामागे २ किलो ‘ओलाव्याचे’ म्हणून वजा करतो. पहाटे बोलावणारा तोच आणि ओलावा कापणाराही तोच!

जुने वावर: आता काट्यावर आलात, तर तेही होऊन जाऊ द्या. कवडी, म्हणजे किडका खराब कापूस, आणि पालापाचोळा गाठोड्याच्या तळाशी दडपून वजन वाढवणाऱ्या बाया मी स्वतः पकडल्या आहेत.

वेचणारीची लेक: पकडल्या असतील. मात्र नाक वाहत असताना, डोळ्यांतून पाणी गळत असताना बोंडातून कापूस स्वच्छ कसा काढायचा, हे आपण एक तास वेचून दाखवावे, मग तळ तपासावा. मजुरी रोजावर ठरवा, मग कोणी कवडी भरणार नाही आणि आजारी बाई दुपारी टेकली म्हणून तिचे पोटही मारले जाणार नाही.

बैलबंडी: रोजावर ठेवले तर निरोगी बायाही २५ किलोच वेचतील. मी तो प्रयोग करून हात पोळून घेतले आहेत.

आरोग्यसेविका: काट्याचा निवाडा आपण नंतर करावा. कोरडवाहू भाऊ, आपली सर्दी कामाने नव्हे, बहुधा थेंबांनी लांबवली आहे. नाक मोकळे करणारे ते थेंब चार-पाच दिवसांपुढे टाकत राहिल्यास नाक उलट त्यांच्यामुळेच चोंदते. साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत ओसरते, खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो. ती विषाणूंची असल्यामुळे प्रतिजैविकाच्या सुईने बरी होत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, त्या घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये. मात्र खोकला दोन आठवड्यांपुढे गेला, तर वेचणी कितीही जोरात असो, प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी; क्षयाची ती तपासणी मोफत होते. ‘सर्दीच आहे’ म्हणत हंगाम काढलेली माणसे मी पाहिली आहेत.

कोरडवाहू: थेंबांचे मान्य करावे लागेल. बाटली तिसरी आहे, हे घरी कोणाला सांगितले नव्हते.

जुने वावर: सुईबाबत ताई माझ्याच बाजूने बोलल्या, एवढे कोणी लक्षात घेतले तर उपकार होतील. उद्यापासून माझ्या वावरात बायांनी दहाला यावे, असा निरोप धाडला आहे. त्यामुळे ओलावा ८ टक्क्यांच्या आत भरला, तर श्रेय मी उन्हाला देईन, सर्दीला नाही.

वेचणारीची लेक: आणि ते २ किलो?