मदत हवी आहे: बॅटरी स्टोरेज प्रोजेक्टसाठी जागा द्यावी का, आधी काय तपासायचं?

नमस्कार मंडळी, मोहोळ तालुक्यात आमची सामाईक जमीन आहे, सबस्टेशन जवळच आहे, तर एका कंपनीचा माणूस आलेला, म्हणतोय २० मेगावॅट / ४० मेगावॅटअवरचं बॅटरी स्टोरेज टाकायचंय, जागा भाड्याने द्या. म्हणजे फुल लोडवर दोन तास चालणार एवढं कळलं. दुपारी सोलरची वीज साठवायची आणि संध्याकाळी मागणी जास्त असते तेव्हा परत ग्रीडला द्यायची, कल्पना मला मनापासून पटलीय, सोलापुरात उन्हाला काय तोटा.

पण सबस्टेशन जवळ आहे म्हणजे कनेक्शन मिळेलच असं नाही ना? ट्रान्सफॉर्मरवर कपॅसिटी शिल्लक आहे का, रिकामा बे (नवीन लाइन जोडायची जागा) आहे का, हे महापारेषणकडे (राज्याची वीज वाहून नेणारी कंपनी) आपण स्वतः विचारू शकतो की कंपनीनेच अर्ज करायचा असतो? माझ्या मते सगळ्यात आधी हेच बघायला पाहिजे, बाकीचं नंतर.

दुसरं म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात इथं पारा ४२-४३ ला जातो, लिथियम बॅटरीची क्षमता उष्णतेने लवकर कमी होते, कूलिंगलाच किती वीज खाणार? चार्ज-डिस्चार्जमध्ये १०० युनिटचे साधारण ८५ च परत मिळतात, त्यात एसीचा खर्च धरला तर वीस वर्षं प्रोजेक्ट टिकेल का, मधेच बंद पडला तर बॅटऱ्यांचे कंटेनर कोण उचलणार?

शेजारी ओढा आहे आणि वस्तीपण लांब नाही, आगीसाठी किती अंतर सोडायचं? भाडेकराराचा मसुदा कुणी बघितलाय का? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा, घरात सगळ्यांच्या सह्या लागणारेत.